चष्मा बरोबर, पायरी गायब: दांडिया बाजारातलं एक प्रकरण

काकू पडल्या त्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, स्वतःच्याच घरात, जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीतलं जुनं घर. लाकडी जिना काढून काही वर्षांपूर्वी कोटा फरशीचा केलेला. करडी-हिरवट फरशी, पायरीचा उभा भाग त्याच रंगाचा, आडवाही त्याच. नशिबाने हाड मोडलं नाही, कपाळावरच्या टेंगळावर निभावलं. पुढच्या आठवड्यात मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. "ताई, आईचा नंबर बदललाय बहुतेक. जरा बघून घ्या."

मी ऑप्टोमेट्रिस्ट. कोणी 'नंबर' म्हटलं की माझा हात आपोआप ट्रायल फ्रेमकडे जातो. पहिली चूक तिथेच झाली, ती आधी सांगून टाकते.

काकूंचं वय 71, निवृत्त शिक्षिका. पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं निदान होऊन सहा वर्षं झालेली. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं आटोपलेली. चष्मा लावून त्या तक्त्याची 6/6 ची ओळ एका दमात वाचत होत्या. तरी मी सिलिंडरमध्ये पाव नंबरचा फरक शोधून काढला, नवी काच बसवून दिली आणि समाधानाने पावती फाडली. पंधरा दिवसांनी काकू परत हजर. "काच छान आहे गं बाळा. पण पायरी दिसत नाही ती नाहीच."

मग मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पायरी दिसत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

"दिसते की. पण संपते कुठे ते कळत नाही. धुऊन धुऊन विटलेल्या साडीचा काठ असतो ना, आहे म्हणावा तर आहे, तसं."

सोबत आलेल्या सुनेने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, थोड्या संकोचानेच. काकू ताटात भात टाकायला लागल्या होत्या. घरात पांढरी ताटं; "झालं माझं" म्हणून उठायच्या आणि कडेला दोन-चार घास तसेच. घरच्यांना वाटलं, भूक कमी झाली. दुसरं म्हणजे उंबऱ्यापुढची रांगोळी बंद झाली होती. तिथे आता फिकट टाइल आहे. काकूंचं म्हणणं, "रेघ ओढली की नाही ते मलाच समजत नाही, मग कशाला?"

करड्यावर करडं, पांढऱ्यावर पांढरं. आणि सून जाता जाता म्हणाली, "सकाळी एवढं नसतं हां. दुपारनंतर वाढतं." हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं, पण त्याचं वजन मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसरा तक्ता

ज्या तक्त्यावर आपण सगळे डोळे तपासतो तो स्नेलेनचा, 1862 सालचा. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, वरून खाली लहान होत जाणारी. तो विचारतो, किती बारीक दिसतं? किती फिकट दिसतं, हे तो विचारतच नाही. त्यासाठी पेली-रॉबसन तक्ता आहे, 1988 चा. त्यावर सगळी अक्षरं एकाच आकाराची, चांगली ठसठशीत. पण तीन-तीनच्या गटाने ती फिकी होत जातात, शेवटी तर कागदच कोरा वाटतो. प्रत्येक गटाला 0.15 गुण. एक मीटरवरून वाचायचं आणि घाई करायची नाही. माणूस "आता नाही दिसत" म्हणाला की म्हणायचं, बघत राहा, अंदाज सांगा. थोडं थांबलं की बऱ्याचदा आणखी एखादं अक्षर धुक्यातून वर येतं.

संध्याकाळी पावणेसहाला काकूंचे गुण आले 1.05. या वयाला 1.50 च्या आसपास यायला हरकत नव्हती. आकड्याचा अर्थ असा की अक्षर आणि कागद यांत साधारण 9 टक्क्यांचा फरक असेल तरच काकूंना अक्षर दिसत होतं; 1.50 वाल्याला 3 टक्के पुरतात. सावलीतली कोटा फरशी याच पट्ट्यात कुठेतरी येते.

आता कारणं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या भिंगामागची पिशवी धुरकट झाली असेल का? डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पाहिलं, स्वच्छ. दाब ठीक. पडद्याच्या मध्यबिंदूचं स्कॅनिंग वयाला धरून. कंपवातात पापण्या कमी मिटतात आणि डोळा कोरडा पडतो. काकूंच्या मोजल्या तर मिनिटाला सहा. थेंब दिले, चुरचुर थांबली. पुन्हा संध्याकाळी तक्ता लावला, 1.05. म्हणजे कोरडेपणा होता, पण गुन्हेगार तो नव्हता.

मग एका शनिवारी त्या सकाळी सव्वाअकराला आल्या, सहज, बाजारात आल्या होत्या म्हणून. मी तक्ता लावला. 1.50.

खरं सांगते, मला पहिल्यांदा माझ्याच खोलीचा संशय आला. सकाळचा उजेड कुठून तरी आत शिरत असणार. पण तपासणीच्या खोलीला खिडकी नाही, ट्यूब त्याच, उजेड मोजला तर आकडा तोच. अक्षरं पाठ झाली असतील म्हणावं तर तक्त्याच्या दोन आवृत्त्या असतात, आणि मी दुसरी लावली होती. तेच डोळे, तोच चष्मा, तीच खोली. बदललं होतं ते फक्त घड्याळ.

काकांची वही

कोडं सुटलं ते काकांमुळे. काका रेल्वेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात दुधापासून औषधापर्यंत सगळ्याची वही. कंपवाताच्या गोळ्यांचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची गोळी, दिवसातून चारदा: 7, 10, 1.30, 6. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात 'जेवणानंतर', 'चहाबरोबर' वगैरे शेरे.

मी दोन्ही तपासण्यांच्या वेळा त्या पानाशेजारी मांडल्या. सकाळी सव्वाअकरा म्हणजे दहाच्या गोळीनंतर सव्वा तासाने, पोट बऱ्यापैकी रिकामं असताना. संध्याकाळी पावणेसहा म्हणजे आधीच्या गोळीला सव्वाचार तास उलटलेले, आणि ती गोळी वरण-भात, दह्यावर घेतलेली. या औषधाचा रक्तातला साठा साधारण दीड तासात निम्म्यावर येतो. शिवाय डाळीतल्या, दह्यातल्या प्रथिनांपासून सुटलेली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा यांची गाडी एकच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला दोघांना एकाच वाहकाच्या दारात रांग लावावी लागते. दुपारची गोळी बरेचदा रांगेतच अडकत असणार.

"म्हणजे डोळ्याचा आणि गोळीचा संबंध?" काकांनी विचारलं. आहे. थोडं पडद्याच्या आत शिरावं लागतं.

पडद्यातली दारं

डोळ्याचा पडदा म्हणजे कॅमेऱ्याची फिल्म, असं आपण शाळेत शिकलो. फिल्मचे कण एकमेकांशी बोलत नाहीत. पडद्यातल्या पेशी सतत बोलतात, आणि दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा रासायनिक, म्हणजे या पेशीने रसायन सोडायचं आणि समोरचीने ते टिपायचं. दुसरी थेट विजेची. दोन पेशी जिथे अगदी खेटतात तिथे कनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या नळ्या आरपार गेलेल्या असतात. सहा कनेक्सिन मिळून अर्धी नळी इकडून, तशीच अर्धी तिकडून. तिच्यातून आयन आणि लहान रेणू ये-जा करतात, त्यामुळे एका पेशीतला विद्युतदाब शेजारणीलाही जाणवतो. या जोडाला गॅप जंक्शन म्हणतात. पडद्यात अनेक ठिकाणी आढळणारं कनेक्सिन म्हणजे क्रमांक 36 चं.

काकांना मी उत्तरायणाचं उदाहरण दिलं. पोळातल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या, घरांच्या अगाश्या (गच्च्या) एकमेकींना लागून असतात, मधल्या कठड्यात बुटकं दार. 14 जानेवारीला ती दारं उघडी टाकतात. एका टोकाला कुणी पतंग कापला की "काप्यो छे" चा गलका दहा अगाश्यांवर पसरतो. आवाज मोठा होतो, पण नक्की कापला कुणी ते कळत नाही. सण संपला की कड्या लागतात. मग कुणाच्या अगाशीवर कुणाचे पापड वाळतायत ते स्वच्छ वेगळं दिसतं.

पडद्यातही असंच आहे, आणि उघडी दारं म्हणजे बिघाड नव्हे. चांदण्यात एकेका दंडपेशीला, म्हणजे मंद उजेड टिपणाऱ्या पेशीला, प्रकाशाचा एखादाच कण मिळतो. शेजारणींनी आपापली तुटपुंजी पुंजी एकत्र केली तरच त्यातून काही ऐकू येतं. बारकावे जातात, पण निदान समोर काही आहे हे तरी कळतं. भर उजेडात पुंजीची वाण नसते, तेव्हा बारकावे हवेत, कडा हव्यात. म्हणून कड्या लावायच्या. त्या लावायला सांगणारं मुख्य रसायन म्हणजे डोपामिन.

हे कळलं माशांकडून. 1983 मध्ये जपानमधल्या तेरानिशी, नेगिशी आणि काटो यांनी कार्प माशाच्या पडद्यातल्या एका आडव्या पेशीत, म्हणजे हॉरिझॉन्टल सेलमध्ये, चमकणारा पिवळा रंग सोडला. एरवी तो रंग शेजारच्या पेशींत पाझरतो. डोपामिन दिल्यावर तो जवळजवळ जागच्या जागी राहिला. दोन वर्षांनी लॅसेटर आणि डाउलिंग यांनी पर्च माशाच्या आडव्या पेशींच्या जोड्या काचेच्या बशीत वाढवल्या आणि दोघींमधून वीज किती वाहते ते मोजलं. डोपामिन टाकलं की प्रवाह घटायचा. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवला तरीही घटायचा. म्हणजे डोपामिन स्वतः नळीला हात लावत नाही. ते पेशीच्या बाहेरच्या डी-1 ग्राहकाला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, टेकतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं, त्याने प्रोटीन कायनेज ए नावाचं विकर जागं होतं आणि निरोप नळीपर्यंत जातो.

नळी मिटते कशी, हे सगळीकडे सारखं नाही. सस्तन प्राण्यांच्या पडद्यात एआयआय नावाच्या अमॅक्राइन पेशी आहेत. दंडपेशींचा मंद उजेडातला संदेश भर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींच्या वाटेवर नेऊन सोडतात त्या याच, आणि त्यातली एक वाट गॅप जंक्शनमधूनच जाते. तिथे कनेक्सिन 36 वर फॉस्फेट चिकटलेलं असलं की दार उघडं. डोपामिनच्या निरोपाने फॉस्फेट उतरवणारं विकर कामाला लागतं आणि दार मिटतं. दंड-शंकूंच्या मधल्या जोडांत मात्र डोपामिन डी-4 ग्राहकावर काम करतं आणि सायक्लिक एएमपी उलट कमी करतं. तरी परिणाम तोच, दार मिटतं. एकच रसायन इथे वाढवतं, तिथे घटवतं आणि दोन्हीकडे कडी लागते! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापखान्याची चूक वाटली होती.

या कारभारात डोपामिन एकटं नाही. रात्री पडद्यात ॲडेनोसिन वाढतं, ते दंड-शंकूंची दारं उघडायच्या बाजूचं. मेलाटोनिन रात्री डोपामिनचा पाझर आवरून धरतं. नायट्रिक ऑक्साइडचा रोख एआयआय आणि शंकूंचा संदेश पुढे नेणाऱ्या बायपोलर पेशी यांच्यामधल्या जोडावर. एआयआय-एआयआय जोडाला मात्र डोपामिन. कुठली कडी कुणी लावायची याची वाटणी इतकी बारीक आहे. सशाच्या पडद्यावर एका एआयआय पेशीत रंग भरून पाहिलं, तर पूर्ण अंधारात तो मोजक्या पेशींत गेला, मंद उजेडात शेकड्यांनी पेशींत, भर उजेडात पुन्हा मोजक्याच. म्हणजे सर्वांत उघडी दारं अंधारात नाहीत, तर तिन्हीसांजेच्या उजेडात.

आणि हे डोपामिन सोडणाऱ्या पेशी किती? पडद्याच्या एका चौरस मिलिमीटरमागे शंभरही नाहीत. त्या उजेडाने चेततात, रसायन सोडतात आणि ते आसपास झिरपत दूरवरच्या पेशींपर्यंत पोचतं. पाटाचं पाणी सोडल्यासारखं. माणसं थोडी, शिवार मोठं. त्यातली थोडी जरी खचली तरी टोकाचा वाफा कोरडा.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी झडतात हे सर्वांना ठाऊक आहे. डोळ्यातलंही डोपामिन घटतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. 1990 मध्ये हार्नोआ आणि दि पाओलो यांनी कंपवाताच्या रुग्णांचे मृत्यूनंतर मिळालेले पडदे तपासले. डोपामिन कमी होतं. पण ज्यांना शेवटच्या काही तासांत लेव्होडोपा, म्हणजे जिच्यापासून शरीर डोपामिन बनवतं तेच औषध, मिळाली होती त्यांच्या पडद्यात ते जवळपास निरोगी माणसांइतकं होतं. त्याआधी 1987 मध्येच ब्यूलेन्स आणि सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांवर दाखवलं होतं की लेव्होडोपाने फिकटातला फरक ओळखण्याची ताकद सुधारते. काकांच्या वहीचं पान या दोन गोष्टींच्या अगदी मधोमध बसत होतं.

रविवारची तपासणी

बसत होतं, पण तेवढ्याने भागत नाही. संध्याकाळी काकू नुसत्या थकत असतील. किंवा पडद्याचं स्वतःचं घड्याळ असतं, त्याच्या हिशेबाने संध्याकाळ होताच दारं सैल पडत असतील. सकाळ आणि संध्याकाळ यांची तुलना करून हे सुटणार नव्हतं. दोन्ही मोजमापं संध्याकाळचीच हवी होती, एक गोळीआधी, एक गोळीनंतर. गोळी चुकवायला किंवा लांबवायला मी सांगणार नव्हते, तो माझा अधिकारही नाही. नेहमीची सहाची गोळी नेहमीच्याच वेळी, फक्त काकू त्या वेळी माझ्या खोलीत असणार.

रविवारी दुकान बंद असतं. पाच चाळीसला पहिली तपासणी, 1.05. सहाला गोळी पाण्याबरोबर. मधला तासभर काकूंनी मला माझी आई वर्गात किती बडबडी होती ते सांगितलं. आई त्यांची विद्यार्थिनी. साडेसहा-पावणेसातला त्यांच्या बोलण्याचा वेग बदललेला मला कानाने कळला, हातही मोकळा झाला. सातला दुसरी आवृत्ती लावली. 1.05 पर्यंत घडाघडा. मग थांबल्या. मी काही बोलले नाही. "हा... 'झेड' आहे का गं?" होता. त्यानंतर आणखी पाच अक्षरं, एकेक करून. 1.35.

थकवा असता तर सातला गुण पाच चाळीसपेक्षा खाली आले असते. घड्याळ असतं तरी तेच.

तरी दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. काकूंच्या पडद्यातली एकही नळी मी पाहिलेली नाही, जिवंत माणसात ती पाहता येतही नाही. आणि डोपामिन कमी पडलं की फिकटातला फरक ओळखण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागातही मंदावू शकतं, 0.30 गुणांपैकी पडद्याचे किती आणि मेंदूचे किती, हे तक्ता सांगत नाही. पडण्याचं सगळं खापर डोळ्यावर फोडणंही चूक. गोळीचा असर उतरला की पायही जड होतात, पाऊल उचलत नाही. न दिसणारी पायरी आणि न उठणारं पाऊल एकाच वेळी भेटले, साडेपाचला.

काय बदललं

मी न्यूरोलॉजिस्टना पानभर चिठ्ठी लिहिली, सोबत पाचही तपासण्यांचे आकडे वेळांसकट आणि काकांच्या वहीची झेरॉक्स. त्यांनी दुपारची गोळी जेवणाआधी पाऊण तास, म्हणजे सव्वाबाराला आणली, संध्याकाळची पाचला, आणि दही-पनीर रात्रीच्या जेवणाकडे सरकवलं. गोळ्यांची संख्या तेवढीच. सहा आठवड्यांनी पावणेसहाच्या तपासणीत 1.35. सकाळचे 1.50 तसेच राहिले.

घरातलं काम स्वस्तात झालं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला काकांनी दोन बोटं रुंद पिवळा पट्टा रंगवून घेतला आणि जिन्यात जास्त उजेडाचा दिवा लावला. उजेड वाढला की पडद्यात असेल नसेल ते डोपामिन थोडं अधिक सुटतं, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी दिव्याची वेळही वहीत घातली. पांढरी ताटं माळ्यावर गेली, गडद निळी आली. भात टाकणं बंद झालं.

माझा पाव नंबरचा चष्मा काकू अजून वापरतात. पैसे परत घेतले नाहीत, "काच काही वाईट नाही" म्हणाल्या.

रांगोळीवर उपाय काकूंनी स्वतःच शोधला, आणि तो मला सुचायला हवा होता. टाइलवर त्यांनी हातभर चौकोन गेरूने सारवून घेतला, त्यांच्या आईच्या अंगणात असायचा तसा. तांबूस गेरूवर पांढरी रेघ. परवा त्या रस्त्याने जाताना थांबून पाहिलं: सात ठिपक्यांची, उजवीकडची शेवटची ओळ जरा तिरकी गेलेली. काकू ओट्यावरच बसल्या होत्या. "ती हाताची चूक आहे हां," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला, तिरकी गेलीय ते."